अभियंता सभेपुढे उभा राहतो तेव्हा

उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी, काळभैरवाच्या देवळाच्या परिसरात भैरवगढ नावाची जुनी वस्ती आहे. माळव्यातले लोक तिला भेरूगढ असेही म्हणतात. येथील छिपा कारागिरांची ठशांची छपाई आणि मेणाची छपाई, म्हणजे बाटिक, दूरवर प्रसिद्ध आहे. ह्या मेणाच्या छपाईची रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. कारागीर वितळलेले मेण कुंचल्याने किंवा ठशाने कापडावर बसवतो आणि मग ते कापड रंगात बुडवतो. जेथे मेण बसले तेथे रंग चढत नाही. आधी फिकट रंग, मग पुन्हा मेण, मग त्याहून गडद रंग, अशा क्रमाने काम चालते. आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण निघून गेले की नक्षी उघडी पडते. रंग कोठे द्यावा ह्यापेक्षा रंग कोठे देऊ नये, ह्याचाच विचार ह्या कारागिराला अधिक करावा लागतो. एकदा चढलेला रंग काढता येत नाही, म्हणून हा विचार कापड भांड्यात बुडविण्यापूर्वी पुरा झालेला असावा लागतो.

तंत्रज्ञानाच्या एखाद्या मोठ्या परिषदेत भाषण करावयास निघालेल्या अभियंत्यापुढेही नेमका हाच प्रश्न असतो. त्याने पाच-सात वर्षे एका कामावर घालविलेली असतात. मोजमापांच्या वह्या भरलेल्या असतात, फसलेले प्रयोग ध्यानात असतात, आकड्यांमागून आकडे जिभेवर असतात. आणि परिषदेचे चालक त्याला कळवितात की, भाषणास वीस मिनिटे मिळतील व त्यानंतर पाच मिनिटे प्रश्नोत्तरे होतील. सात वर्षांचे काम वीस मिनिटांत सांगावयाचे म्हणजे त्यातील बहुतेक भागावर मेण लावावयाचे. कोणत्या भागावर लावावयाचे, हे ज्याला समजले नाही त्याचे भाषण सगळाच रंग चढलेल्या कापडासारखे होते. त्यात नक्षी दिसत नाही.

अभियंत्याला हे अवघड जाते ह्याचे कारण त्याच्या शिक्षणातच आहे. पूल बांधणाऱ्याने एकही खिळा विसरता कामा नये, आणि यंत्राच्या आराखड्यात एकही माप वगळून चालत नाही. जो काही गाळत नाही तो चांगला अभियंता, अशी सवय त्याला वर्षानुवर्षे लागलेली असते. व्यासपीठावर मात्र जो गाळू शकत नाही त्याचे बोलणे कोणी ऐकत नाही. ह्या दोन गुणांचा मेळ कसा घालावा, आणि तो घातला किंवा न घातला तर प्रत्यक्षात काय घडते, हे काही खऱ्या घटनांवरून पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिली घटना मुंबईच्या एका थोर पुरुषाच्या आयुष्यातली आहे. डॉ. होमी भाभा हे पदार्थविज्ञानाचे पंडित म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांची पहिली परीक्षा यंत्र-अभियांत्रिकीची होती. वडिलांची व टाटा कुटुंबातील वडीलधाऱ्यांची इच्छा अशी की, मुलाने केंब्रिजला जाऊन अभियंता व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे. 1930 साली त्यांनी ती परीक्षा पहिल्या वर्गात पार पाडली आणि मगच ते गणिताकडे व भौतिकाकडे वळले. पुढे 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, 1948 साली भारताचा अणुशक्ती आयोग स्थापन झाला, आणि दोहोंचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

1955 सालच्या ऑगस्ट महिन्यात, 8 तारखेपासून 20 तारखेपर्यंत, जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रसंघाने अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. सत्तरांहून अधिक राष्ट्रे, हजाराहून अधिक प्रतिनिधी आणि हजाराच्या घरात निबंध, असा तिचा व्याप होता. तंत्रज्ञानावर एवढी मोठी आंतरराष्ट्रीय सभा त्यापूर्वी क्वचितच भरली असेल. तिच्या अध्यक्षपदी डॉ. भाभा होते, त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांचा देश स्वतंत्र होऊन अवघी आठ वर्षे झाली होती.

त्या सभेचे वातावरण ध्यानात घेतले पाहिजे. हिरोशिमावर अणुबाँब पडून दहा वर्षे झाली होती. ह्या दहा वर्षांत अणुविद्येतील बहुतेक ज्ञान प्रत्येक मोठ्या राष्ट्राने कुलुपात ठेवले होते. एकमेकांचा संशय धरणारे रशियन, अमेरिकन, ब्रिटिश व फ्रेंच शास्त्रज्ञ प्रथमच एका छताखाली बसले होते. भाषणे इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश अशा चार भाषांतून एकाच वेळी ऐकविली जात होती. त्यामुळे वक्त्याचे प्रत्येक वाक्य दुभाषाच्या तोंडून पुन्हा जन्म घेत होते. अशा सभेत लांबलचक, गुंतागुंतीचे वाक्य टाकणे म्हणजे ते अर्ध्या वाटेत हरवू देण्यासारखेच होते.

डॉ. भाभांनी आपल्या अध्यक्षीय भाषणाचा प्रारंभ अणूपासून केला नाही. त्यांनी तो मनुष्याने आजवर वापरलेल्या ऊर्जेपासून केला. त्यासाठी त्यांनी एक फार मोठे माप घेतले. दगडी कोळशाच्या अब्जावधी टनांइतकी उष्णता ज्यात मावते असे हे माप ‘क्यू’ ह्या अक्षराने ओळखले जाते. 1850 सालाच्या सुमारास जगाचा ऊर्जेचा खर्च शतकाला सुमारे एक क्यू ह्या वेगाने चालला होता. 1950 पर्यंत तो शतकाला सुमारे दहा क्यू ह्या वेगावर जाऊन पोहोचला. एका शतकात दसपट! श्रोत्यांना एवढे दोन आकडे दिले की पुढचा प्रश्न त्यांच्या मनात आपोआपच उभा राहतो: हा वेग असाच वाढत गेला तर कोळसा आणि तेल किती दिवस पुरणार? अणुशक्तीची गरज काय, हे सांगण्यापूर्वी ती गरज त्यांनी श्रोत्यांच्या मनात निर्माण केली. हजारो आकडे जवळ असताना त्यांनी मोजकेच पुढे ठेवले आणि बाकीच्यांवर मेण लावले.

त्या भाषणातील सर्वांत गाजलेला भाग मात्र निराळाच होता. अणुभट्टीत जड अणूचे दोन तुकडे होतात व त्यातून ऊर्जा मिळते. ह्याच्या उलट, हलक्या अणूंच्या गर्भांचे एकमेकांत संमीलन झाले तर त्याहूनही विपुल ऊर्जा मिळते; सूर्याच्या पोटात हीच क्रिया चालू असते. हे अणुसंमीलन मनुष्याला दोन दशकांच्या आत ताब्यात आणता येईल, असे भाकीत डॉ. भाभांनी त्या व्यासपीठावरून केले. तसे झाल्यास समुद्राच्या पाण्यातील जड हायड्रोजन हेच इंधन होईल आणि जगाची ऊर्जेची चिंता कायमची मिटेल, असे त्यांनी सांगितले. संमीलनाचा विषय त्या काळी गुपितांत मोडत असे. एका नवस्वतंत्र देशाच्या प्रतिनिधीने तो भर सभेत काढल्यामुळे मोठी खळबळ उडाली, आणि आपल्याकडेही हे संशोधन चालू असल्याचे मोठ्या राष्ट्रांना मान्य करणे भाग पडले. तीन वर्षांनी, 1958 साली, जिनीव्हाला दुसरी परिषद भरली तेव्हा ह्या विषयावरील गुप्ततेचा पडदा पुष्कळसा दूर करण्यात आला होता.

भाकीत मात्र खरे ठरले नाही. 1975 साल आले आणि गेले. 2022 सालच्या डिसेंबरच्या 5 तारखेस अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसर किरणांनी इंधनावर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा टाकून त्यातून 3.15 मेगाज्यूल ऊर्जा मिळविण्यात आली. तेव्हा कोठे दिलेल्याहून अधिक परत मिळाल्याचे प्रथम दिसले. त्यातही, ते लेसर चालविण्यास विजेच्या तारांतून सुमारे 300 मेगाज्यूल घ्यावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. संमीलनाची वीज घरोघर पोहोचण्यास अजून पुष्कळ अवधी आहे.

मग डॉ. भाभांचे ते वाक्य चुकीचे म्हणावयाचे काय? ह्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. तत्त्व म्हणून ते बरोबर होते. मुदत म्हणून ते चुकले. मोठ्या सभेपुढे बोलणाऱ्या प्रत्येक अभियंत्यास हा भेद जपावा लागतो. ‘हे होऊ शकते’ हे विधान निसर्गाच्या नियमांवर उभे असते. ‘हे अमुक वर्षांत होईल’ हे विधान पैसा, माणसे, साहित्य आणि अनपेक्षित अडचणी ह्यांवर उभे असते. पहिले विधान अभियंता छातीठोकपणे करू शकतो. दुसरे करताना त्याने ते अनुमान आहे, हे श्रोत्यांना कळू द्यावे. कारण व्यासपीठावर उच्चारलेली मुदत वर्तमानपत्रांत छापली जाते, अंदाजपत्रकांत शिरते आणि शेवटी वचन होऊन बसते.

त्या परिषदेतील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेने जिनीव्हात एक छोटीशी अणुभट्टी प्रत्यक्ष आणून मांडली होती. ती पोहण्याच्या तलावासारख्या पाण्याच्या हौदात बुडविलेली होती आणि चालू असताना त्या पाण्यातून निळसर प्रकाश झळकत असे. हजारो माणसांनी ती पाहिली. शेकडो निबंध वाचून अणुभट्टीविषयी जी भीती गेली नसती ती त्या हौदाच्या काठी उभे राहून काही अंशी गेली असेल. पुढच्याच वर्षी, 1956 सालच्या ऑगस्टच्या 4 तारखेस, तुर्भे येथे भारताची ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. तीही अशीच पाण्याच्या हौदातली होती.

दाखविणे आणि सांगणे ह्यांतील हा फरक ज्या भाषणाने पुरता सिद्ध केला ते भाषण 1968 सालच्या डिसेंबरच्या 9 तारखेस सॅन फ्रान्सिस्को येथे झाले. संगणक-अभियंत्यांची ती मोठी परिषद होती आणि वक्ते होते डग्लस एंगेलबार्ट. श्रोते सुमारे हजार होते. त्या काळी संगणक म्हणजे खोलीएवढे यंत्र. त्यास छिद्रे पाडलेली कार्डे द्यावयाची आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. एंगेलबार्ट कित्येक वर्षे सांगत आले होते की, मनुष्य पडद्यासमोर बसून संगणकाशी तेथल्या तेथे काम करू शकेल. पण निबंधात लिहिलेली ही गोष्ट पुष्कळांना स्वप्नरंजन वाटे.

म्हणून त्यांनी त्या दिवशी ती करूनच दाखविली. ते व्यासपीठावर एका बाजूस, कानाला ध्वनियंत्र लावून, आपल्या यंत्राच्या पडद्यापुढे बसले. खरा संगणक तेथून सुमारे 48 किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत होता. दोन्ही ठिकाणे सूक्ष्मलहरींच्या दुव्याने व टेलिफोनच्या तारांनी जोडलेली होती आणि पडद्यावर जे उमटे ते एका बलाढ्य प्रक्षेपकाने सभागृहातील प्रचंड पडद्यावर दिसे. हाताखाली फिरणारे एक लहानसे साधन, ज्याला आज घरोघरची मुले ‘माउस’ म्हणून ओळखतात, लोकांनी तेथे प्रथम पाहिले. शब्द टंकित करणे, खोडणे, हलविणे, एका मजकुरातून दुसऱ्यात उडी घेणे, दूर बसलेल्या सहकाऱ्याचे तोंड पडद्यावर पाहत त्याच्याबरोबर एकच मजकूर सुधारणे, हे सर्व त्यांनी नव्वद मिनिटांत दाखविले. शेवटी श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या.

ह्या यशाकडे पाहताना त्यामागील धोक्याकडे दुर्लक्ष होऊ नये. दुवा तुटला असता, दिवा गेला असता किंवा यंत्र मध्येच थांबले असते, तर हजार जाणकारांसमोर कित्येक वर्षांच्या कामाचे हसे झाले असते. हा धोका पत्करता आला तो पडद्याआडच्या माणसांमुळे. बिल इंग्लिश नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने सभागृहातील सगळी तांत्रिक बाजू सांभाळली होती आणि मेन्लो पार्कमध्ये इतर अनेक जण आपापल्या जागी सज्ज होते. सभेत एकच मनुष्य बोलताना दिसतो. परंतु तंत्रज्ञानाचे भाषण हे बहुधा एकट्याचे नसते. चांगला अभियंता ही गोष्ट व्यासपीठावरून आवर्जून सांगतो.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशीच्या टाळ्यांनी एंगेलबार्ट ह्यांचा मार्ग सुकर झाला नाही. पुढच्या दशकात त्यांच्या कामाला मिळणारा पैसा आटत गेला, त्यांचे काही सहकारी दुसरीकडे गेले, आणि ट्युरिंग पारितोषिकाचा मान त्यांच्याकडे आला तो 1997 साली, म्हणजे एकोणतीस वर्षांनी. भाषण गाजले म्हणजे काम तडीस गेले, अशी समजूत करून घेणाऱ्या तरुण अभियंत्याने हे जरूर ध्यानात ठेवावे. भाषण बीज पेरते. पीक केव्हा आणि कोणाच्या शेतात येईल, ते बोलणाऱ्याच्या हाती नसते.

आतापर्यंत पाहिलेल्या दोन्ही घटनांत फार तर वक्त्याची कीर्ती पणाला लागली होती. परंतु अभियंत्याचे बोलणे नीट न कळल्याने प्राणही जाऊ शकतात, ह्याचे उदाहरण भारतीयांच्या मनाला अजून चटका लावते. 2003 सालच्या जानेवारीच्या 16 तारखेस अमेरिकेचे कोलंबिया हे अंतराळयान उडाले. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात फिरत असताना त्या आघाताने कितपत इजा झाली असेल ह्याचा हिशेब अभियंत्यांनी केला आणि तो स्लाइडच्या रूपाने वरिष्ठांपुढे मांडला.

त्यातील एका स्लाइडची पुढे चौकशी मंडळाने आपल्या अहवालात बारकाईने चिकित्सा केली. तिच्या मथळ्याचा सूर धीर देणारा होता. त्याखाली लहान-मोठ्या अक्षरांत मुद्दे, उपमुद्दे आणि उपमुद्द्यांचेही पोटमुद्दे दाटीवाटीने भरले होते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाशी गेली होती. ती गोष्ट ही की, प्रत्यक्षात आदळलेला तुकडा पूर्वीच्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्याहून आकारमानाने सुमारे 640 पट मोठा होता. म्हणजे ज्या चाचण्यांच्या आधारावर हिशेब केला त्या ह्या प्रसंगाला लागूच पडत नव्हत्या! हे एकच वाक्य मोठ्या अक्षरांत सर्वांत वर असते, तर वाचणाऱ्याला त्याच्यापुढे जाता आले नसते. तळाशी असल्यामुळे ते वाचूनही न वाचल्यासारखे झाले. फेब्रुवारीच्या 1 तारखेस परतीच्या वाटेवर यानाचे तुकडे झाले आणि कर्नालच्या कल्पना चावला ह्यांच्यासह सातही अंतराळवीर मरण पावले.

दुर्घटनेस केवळ ती स्लाइड कारण झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल; त्यामागे संस्थेतील अनेक सवयी आणि निर्णय होते. पण त्या स्लाइडवरून एक नियम स्पष्ट होतो. गाळणे म्हणजे महत्त्वाचे झाकणे नव्हे. भैरवगढचा कारागीर मेण लावतो ते नक्षी उठून दिसावी म्हणून. नक्षीवरच मेण बसले तर कापड कोरेच राहील. काय सांगितले नाही तर ऐकणाऱ्याचा निर्णय चुकेल, असा प्रश्न अभियंत्याने स्वतःस विचारावा. त्याचे जे उत्तर येईल ते भाषणाच्या माथ्यावर ठेवावे.

आता हे सारे एका घरगुती उदाहरणास लावून पाहू. समजा, भैरवगढात वाढलेला एक तरुण अभियंता पाण्याच्या योजनांविषयी भरलेल्या एका मोठ्या परिषदेत बोलणार आहे. शिंदेशाहीपासून उज्जयिनीत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी एखाद्या घरातला तो असावा. घरी मराठी, गल्लीत माळवी, कचेरीत हिंदी आणि परिषदेत इंग्रजी, अशा चार भाषांत तो वावरतो. त्याचा विषय आहे नर्मदा-क्षिप्रा जोडयोजना.

क्षिप्रा ही पावसावर जगणारी नदी. उन्हाळ्यात तिचा प्रवाह क्षीण होतो. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात मात्र भर उन्हाळ्यात लक्षावधी लोक तिच्या घाटांवर स्नानास येतात. म्हणून ओंकारेश्वर प्रकल्पातील नर्मदेचे पाणी सिसलिया तलावातून पंपांनी उचलून, सुमारे 50 किलोमीटर लांबीच्या नळांतून, क्षिप्रेच्या उगमाजवळील उज्जैनी गावी सोडण्याची योजना आखली गेली. 2014 सालच्या फेब्रुवारीत ती कार्यान्वित झाली आणि 2016 सालच्या सिंहस्थात भाविकांना ह्या पाण्याचा लाभ झाला. योजनेची क्षमता सेकंदास 5 घनमीटर, आणि पाणी उचलावयाची उंची सुमारे 350 मीटर.

हे आकडे तज्ज्ञांना पुरेसे आहेत; पण हजारांच्या सभेत सगळेच त्या विषयाचे तज्ज्ञ नसतात. त्यांच्यासमोर नुसते ‘350 मीटर’ म्हटले तर ते कानावरून जाते. ‘जवळजवळ पाच कुतुबमिनार एकावर एक रचले तर जेवढी उंची होईल, तेवढ्या उंचीवर’ असे म्हटले की ते डोळ्यांना दिसते. पुढे, सेकंदास 5 घनमीटर म्हणजे 5 हजार लिटर. पंप दिवसरात्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला 43 कोटी 20 लाख लिटर.

येथेच भाषणाचा कणा सापडतो. एक हजार लिटर पाणी 350 मीटर वर चढविण्यास निसर्गाच्या नियमाप्रमाणे जवळजवळ एक युनिट वीज लागते. पंपांतील व नळांतील नाश जमेस धरला तर सुमारे सव्वा युनिट धरावी. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालविल्यास दिवसाला सुमारे 5 लाख 40 हजार युनिट. हजार लिटरला सव्वा युनिट, हे एकच वाक्य श्रोता घरी घेऊन जाईल. कारण आपल्या घरच्या विजेच्या बिलावरून एका युनिटची किंमत प्रत्येकास ठाऊक असते. ह्या एका आकड्यातून योजनेचे सामर्थ्यही कळते आणि तिची मर्यादाही कळते. नळांचे व्यास, झडपांची रचना, पंपांच्या पात्यांचा कोन, हे सर्व छापील निबंधात असावे. ज्याला हवे तो ते तेथे वाचील.

पण ही मर्यादा सांगावी काय? आपल्या योजनेची खर्चाची बाजू स्वतःच का उघडी करावी, असे एखाद्यास वाटेल. कोलंबियाची गोष्ट आठवली म्हणजे ह्याचे उत्तर मिळते. 2028 सालचा सिंहस्थ पुढे आहे. कोणत्या उपायावर किती भर द्यावा, पाणी दुरून उचलून आणावे की पाणलोटात मुरवून नदी जगवावी, इंदूरकडून येणाऱ्या कान्ह नदीच्या मलिन पाण्याचे काय करावे, हे निर्णय माणसे अशाच सभांतून ऐकलेल्या गोष्टींवरून घेतात. ज्याने गुणही सांगितले आणि किंमतही सांगितली, त्याच्या शब्दावर निर्णय उभा करता येतो. ज्याने नुसते गुण गायिले त्याचे भाषण जाहिरातीच्या जमेस धरले जाते.

भाषणानंतरची पाच मिनिटे वीस मिनिटांपेक्षा कठीण असतात. लिहून आणलेले संपलेले असते आणि समोरचा मनुष्य कोणत्या दिशेने येईल ते माहीत नसते. अशा वेळी तरुण अभियंता दोन चुका करतो. प्रश्न पुरता ऐकण्यापूर्वीच उत्तर देऊ लागतो. किंवा ठाऊक नसलेल्या गोष्टीवर अंदाजाने काही तरी ठोकून देतो. वास्तविक ‘हे आम्ही मोजलेले नाही’ ह्या चार शब्दांत कमीपणा काहीच नाही. जो मनुष्य काय मोजले नाही ते सांगतो, त्याने मोजलेल्या गोष्टींवर विश्वास बसतो. प्रश्न सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा एकदा उच्चारावा, क्षणभर थांबावे आणि मग उत्तर द्यावे; ह्याने श्रोत्यांचाही लाभ होतो आणि वक्त्यासही सावरण्यास अवधी मिळतो.

भीतीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. हजार डोळे आपल्याकडे लागले की घशाला कोरड पडते, हात थरथरतात, पाठ केलेले पहिले वाक्य नेमके विसरते. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. शरीर संकटाला तोंड देण्यास सज्ज होत असते, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर उपायही अभियंत्याच्या ओळखीचाच आहे, आणि तो म्हणजे चाचणी. कोणताही पंप चाचणी घेतल्यावाचून बसविला जात नाही. मग भाषण तरी का बसवावे? घड्याळ लावून, उभे राहून, मोठ्याने, आणि विषय न समजणाऱ्या एखाद्या घरच्या माणसासमोर ते दोनदा-तीनदा म्हणून पाहावे. आत्याबाईंना किंवा धाकट्या भावाला जेथे कंटाळा आला, तेथेच परिषदेतील लोकांनाही येणार. सभागृहात आधी जाऊन ध्वनिक्षेपक, पडदा व आपल्या स्लाइडची अक्षरे शेवटच्या रांगेतून दिसतात की नाही, हे पाहून ठेवावे. पहिली दोन वाक्ये आणि शेवटची दोन वाक्ये तेवढी मुखोद्गत असावीत; मधली वाट आपल्या कामाच्या ओळखीने चालावी.

भाषेचा प्रश्नही येतोच. आंतरराष्ट्रीय परिषदांत इंग्रजीवाचून चालत नाही, हे खरे. परंतु ज्याला आपला विषय मायबोलीत सांगता येतो, त्याला तो कळलेला असतो, ही कसोटी फार चांगली आहे. परक्या भाषेतील तयार शब्दांच्या आडोशाला न समजलेली गोष्टही खपून जाते. घरच्या भाषेत ती लगेच उघडी पडते. 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली ती विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत नेण्याच्या हेतूने. तिच्यासारख्या संस्थांच्या सभांतून बोललेल्या अभियंत्यास मोठ्या परिषदेची तालीम आपोआपच घडते, कारण तेथे शाळामास्तर, शेतकरी, गृहिणी आणि विद्यार्थी एकाच वेळी समोर बसलेले असतात, आणि समजले नाही तर तसे तोंडावर सांगण्यास ते कचरत नाहीत.

धरण बांधले की ते दिसते, पूल बांधला की त्यावरून माणसे जातात. भाषणाचे तसे नाही. ते हवेत विरते आणि उरले तर ऐकणाऱ्याच्या मनात उरते. पण धरण कोठे बांधावे, पूल केव्हा बंद करावा, पाणी कोणत्या वाटेने आणावे, हे ठरविण्याची वेळ येते तेव्हा अभियंत्याच्या मोजपट्टीला जीभ असावी लागते. ती नसेल तर निर्णय मोजमाप नसलेल्या जिभा घेतात. म्हणून ज्या अभियंत्याला मोठ्या सभेचे बोलावणे येईल त्याने ते कीर्तीची संधी म्हणून स्वीकारण्यापेक्षा आपल्या कामाचाच शेवटचा टप्पा म्हणून स्वीकारावे, आणि तो टप्पा इतर टप्प्यांइतक्याच चोखपणे पार पाडावा.